उलटीचं औषध आणि माझी वही

लेकीला मळमळायला लागलं की ती आधी गप्प होते. मग थुंकी गिळायला लागते. एक घोट, दोन, तीन. ओठांभोवतीचा रंग उतरतो आणि हात आपोआप उशाशी ठेवलेल्या किडनी ट्रेकडे जातो. हा क्रम आता मला अर्धवट झोपेतही कळतो. पण ती सहा वर्षांची असताना निदान झालं, तेव्हा यातलं काहीच कळत नव्हतं. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, हा शब्द कानावर पडला आणि पुढचे कितीतरी दिवस बाकीचं बोलणं नुसतंच कानावरून गेलं. केमोच्या औषधांची नावं, ब्लड काऊंट, पाठीतून द्यायचं इंजेक्शन, एवढं सगळं लक्षात ठेवायचं होतं. त्यात उलटीचं औषध म्हणजे बाकीच्यांसोबत येणारं किरकोळ काहीतरी, असं मी धरून चालले होते. ते तसं नव्हतं. गेल्या दीड वर्षात सर्वात जास्त प्रश्न मी त्याच औषधाबद्दल विचारले, आणि सर्वात मोठी घोडचूकही त्याच बाबतीत केली.

पहिल्या केमोच्या सकाळी सिस्टरांनी तिचं वजन विचारलं. मी म्हटलं, "बावीस किलो." त्यांनी मान हलवली आणि तिला काट्यावर उभं केलं. वीस भरलं. आजारपणात दोन किलो कधी गेले, मला कळलंच नव्हतं. सिस्टर म्हणाल्या, "ताई, मुलांचा डोस वजनावर असतो. आम्हाला घरचा आकडा चालत नाही, आजचा लागतो." मग माझ्यासमोर हिशेब केला. उलटीचं औषध ऑन्डॅन्सेट्रॉन, किलोमागे 0.15 मिलिग्रॅम, वीस किलोला 3 मिलिग्रॅम. तो आकडा दुसऱ्या सिस्टरने स्वतः पुन्हा मोजून पाहिला, दोघींनी सही केली आणि मगच इंजेक्शन भरलं. एवढ्याशा औषधाला दोन सह्या कशाला, असं तेव्हा माझ्या मनात आलं होतं.

ते औषध त्यांनी छोट्या सलाईनमधून पंधरा मिनिटं सोडलं. केमो सुरू व्हायला अजून अर्धा तास होता. मी विचारलं, "अजून तर तिला काही होतही नाहीये, मग आत्ताच का?" त्यावर वॉर्डातल्या डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून मला नीट समजावलं. केमोने आतड्याच्या अस्तरातल्या पेशी दुखावतात आणि त्यांच्यातून सेरोटोनिन नावाचं रसायन बाहेर पडतं. ते तिथल्या मज्जातंतूंना डिवचतं, मेंदूपर्यंत निरोप जातो आणि उलटी होते. ऑन्डॅन्सेट्रॉन त्या निरोपाच्या जागा अडवून बसतं. जागा आधीच अडलेल्या असल्या तर निरोप पुढे जात नाही. एकदा उलट्यांचं चक्र सुरू झालं की ते आवरणं फार जड जातं. म्हणून आधी द्यायचं, आणि नंतरही मूल ठीक दिसलं तरी ठरल्या वेळी द्यायचं. या औषधाला अमेरिकेत 1991 मध्ये मान्यता मिळाली. त्याआधीच्या मुलांनी केमो कसा काढला असेल, हा विचार त्या दिवसापासून अधूनमधून माझ्या मनात येतो.

वही मी त्याच संध्याकाळी सुरू केली. तारीख, वजन, औषध, किती, किती वाजता, त्यानंतर काय झालं. सिस्टरांनी एक कार्डही दिलं. त्यावर सहा चेहरे होते, शांत चेहऱ्यापासून ओकणाऱ्या चेहऱ्यापर्यंत, 0 ते 10. लहान मुलांना मळमळ शब्दांत सांगता येत नाही. पोट दुखतंय, बरं वाटत नाही, घरी जायचंय, सगळं एकाच सुरात येतं. पण चेहऱ्यावर बोट बरोबर ठेवतात. त्या रात्री लेकीने चौथ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. मी वहीत 6 लिहिलं.

घरी आल्यावर पहिला घोटाळा बाटलीचा झाला. हॉस्पिटलातून मिळालेल्या सिरपमध्ये 5 मिलीला 2 मिलिग्रॅम औषध होतं, म्हणजे तिला साडेसात मिली. "साडेसात" हा आकडा घरात सगळ्यांना पाठ झाला. पुढच्या वेळी तिचे बाबा नवी बाटली घेऊन आले. नाव तेच, पण कंपनी वेगळी. त्यांनी सिरिंजमध्ये साडेसात मिली ओढलं आणि मी सवयीने वहीत लिहायला बाटली हातात घेतली. लेबलवर लिहिलं होतं, 5 मिलीला 4 मिलिग्रॅम. सिरिंज तिच्या ओठांशी पोचली होती. तेवढं औषध पोटात गेलं असतं तर 3 ऐवजी 6 मिलिग्रॅम झालं असतं. मी त्यांचा हात धरला. तेव्हापासून आमच्या घरात मिलीवर कोणी बोलत नाही. आधी मिलिग्रॅम बोलायचं, मग बाटली वाचायची आणि शेवटी मिली काढायचे. मोजायला तोंडाने द्यायची सिरिंजच वापरतो, चमचा नाही. कुठल्या चमच्यात किती मावतं याचा काही नेम नसतो.

आणखी एक अडचण पहिल्याच आठवड्यात आली. सिरप दिलं आणि दहा मिनिटांत ते उलटून पडलं. आता पुन्हा द्यायचं की नाही? माझा हात बाटलीकडे गेला होता. पण फोन लावला. त्यांचा नियम असा होता की अर्ध्या तासाच्या आत सगळं बाहेर पडलं तर त्यांना विचारून एकदाच पुन्हा द्यायचं, आणि अर्धा तास उलटून गेला असेल तर पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं. स्वतःच्या मनाने पुन्हा पुन्हा द्यायचं नाही. पुढे त्यांनी तोंडात विरघळणारी गोळी लिहून दिली. ती कोरड्या हाताने, मागचा कागद सोलून काढायची. पत्र्यातून दाबून काढली तर तिचा चुरा होतो. जिभेवर ठेवली की क्षणात विरघळते, त्यामुळे ओकून टाकण्याची भीती कमी.

आता त्या रात्रीबद्दल.

केमो होऊन पाचवा दिवस होता. रात्री दहापासून तिला चार उलट्या झाल्या. ऑन्डॅन्सेट्रॉनची वेळ नुकतीच होऊन गेली होती. आमचं हॉस्पिटल लांब, म्हणून जवळच्या एका छोट्या दवाखान्यात नेलं. मी दारातूनच म्हटलं, "उलटीचं इंजेक्शन द्या हो लवकर." माझे शब्द अजून कानात आहेत, कारण मागितलं ते मीच. तिचं वजन कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. वही घरी राहिली होती. इंजेक्शन दिलं, उलट्या थांबल्या, आम्ही घरी आलो. मला तर त्या डॉक्टरांचे उपकार वाटत होते.

सकाळी आठच्या सुमाराला ती मला हाक मारत होती, पण शब्द नीट येत नव्हते. मी वळून पाहिलं तर तिची मान डाव्या खांद्याकडे पिळल्यासारखी वळलेली होती. जीभ बाहेर आली होती आणि आत घेता येत नव्हती. डोळे वर, छताकडे चढले होते. जबडा घट्ट. माझ्या सासूबाई ओरडल्या, "फिट आली!" मलाही तेच वाटलं. पण मी तिचा हात हातात घेतला तेव्हा ती माझं बोट दाबत होती. मी म्हटलं, "आईचं ऐकू येतंय का? दोनदा दाब." तिने दोनदा दाबलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती पूर्ण शुद्धीत होती, तिला सगळं कळत होतं आणि स्वतःची मान तिला सरळ करता येत नव्हती. ते बोटावरचे दोन दाब मी कधी विसरणार नाही.

गाडीतून आमच्या हॉस्पिटलात पोचलो. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "काल रात्री काय दिलं?" दवाखान्याचा कागद तिच्या बाबांच्या खिशात होता. मेटोक्लोप्रमाइड, 10 मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची अख्खी अँप्यूल. वीस किलोच्या मुलाला एका वेळेला जास्तीत जास्त 3 मिलिग्रॅम. बाईंनी डायफेनहायड्रामिन शिरेतून दिलं. दहा-बारा मिनिटांत जबडा सैल झाला, मग जीभ आत गेली, मग मान हळूहळू सरळ झाली. ती म्हणाली, "आई, मान दुखतेय." त्या वाक्यातला प्रत्येक शब्द स्पष्ट होता.

याला डिस्टोनिया म्हणतात. मेटोक्लोप्रमाइड मेंदूत डोपामिन नावाच्या रसायनाची वाट अडवतं. त्याने उलटी थांबते, पण हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागालाही डोपामिन लागतं. तिथे ते अडलं की स्नायू आपोआप आवळतात. मुलांना आणि तरुणांना हा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त होतो, आणि प्रमाणात दिलेल्या डोसनेही होऊ शकतो. आमच्याकडे तर डोस तिपटीहून जास्त गेला होता. युरोपच्या औषध नियामक संस्थेने 2013 मध्येच यावर मर्यादा घातल्या होत्या. एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही. त्याहून मोठ्या मुलांना केमोनंतरच्या किंवा ऑपरेशननंतरच्या उलट्यांसाठी, तेही दुसऱ्या औषधांनी भागलं नाही तरच, आणि पाच दिवसांच्या वर नाही. म्हणजे औषध वाईट नाही. त्याला त्याची जागा आहे, आणि त्या जागेबाहेर ते असं काही करू शकतं हे माहीत असायला हवं. मला माहीत नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं.

तिला दिवसभर वॉर्डात ठेवून घेतलं. उतारा देणारं औषध शरीरातून आधी उतरलं तर मान पुन्हा वळू शकते, म्हणून दोन दिवस तोंडानेही ते चालू ठेवलं. तिच्या फाइलवर लाल शाईने लिहिलं गेलं: मेटोक्लोप्रमाइडने डिस्टोनिया, प्रोक्लोरपेराझिन आणि त्या गटातली औषधं टाळावीत. तीच ओळ एका कार्डावर लिहून मी पाकिटात ठेवली. एक कार्ड बाबांकडे, एक तिच्या दप्तरात.

सासूबाई फार घाबरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, "मग घरात ते दुसरं आहे, डोम्पेरिडोनचं, ते दिलं असतं तर चाललं असतं का? ते तर आम्ही पूर्वी सगळ्या मुलांना देत आलो." बाई त्यांच्याशी फार आदराने बोलल्या. डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नाही, म्हणून मान वळण्याचा धोका कमी. पण हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो. आणि मुलांच्या उलट्यांवर ते खरंच चालतं का, हे पाहिलं तेव्हा फायदा दिसला नाही, म्हणून ब्रिटनमध्ये 2019 पासून बारा वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत. सासूबाईंनी घरी गेल्यावर ती बाटली काढून टाकली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

शेजारच्या कॉटवर दीड वर्षाचं बाळ होतं. त्याची आई हे सगळं ऐकत होती. तिने हळूच सिस्टरांना विचारलं की प्रवासात उलटी होऊ नये म्हणून मोठ्या मुलाला देते ते प्रोमेथाझिनचं सिरप बाळाला चालेल का, त्याने झोपही छान लागते. सिस्टर हातातलं काम टाकून तिच्याजवळ आल्या. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रोमेथाझिन द्यायचंच नाही, त्याने श्वास मंदावून थांबू शकतो. अमेरिकेत 2004 पासून औषधाच्या माहितीपत्रकात चौकट करून तसा इशारा छापतात. त्या आईने पदराने तोंड पुसलं आणि बाळाला उचलून घेतलं. मी माझ्या वहीचं एक कोरं पान फाडून तिला दिलं.

मधल्या वेळेत प्रश्न होताच. ऑन्डॅन्सेट्रॉन एकटं पुरत नाही, मग आता काय? स्टेरॉइड उलट्यांवर चांगलं चालतं, पण ल्युकेमियात स्टेरॉइड हा उपचाराचाच भाग असतो. ते कधी आणि किती द्यायचं ते आधीच ठरलेलं, त्यात उलटीसाठी आपल्या मनाने भर घालता येत नाही. शेवटी ॲप्रेपिटंट हे उलटीवरचंच दुसरं औषध ठरलं. पण लिखापढी होण्याआधी हॉस्पिटलच्या फार्मासिस्टने तिचं वेळापत्रक समोर ठेवलं. ॲप्रेपिटंट यकृतातल्या ज्या वाटेने बाहेर पडतं, त्याच वाटेने व्हिन्क्रिस्टिन हे तिचं केमोचं औषध आणि स्टेरॉइडही जातात. वाट अडली तर ती औषधं शरीरात जास्त वेळ राहतात. कुठल्या तारखेला काय आहे ते पाहून त्यांनी दिवस निवडून दिले. तोवर फार्मासिस्ट म्हणजे औषध देणारा माणूस एवढंच मला ठाऊक होतं.

ईसीजीही तेव्हाच निघाला. मी घाबरून विचारलं, "तिच्या हृदयाला काय झालं?" काही झालेलं नव्हतं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुढच्या ठोक्यासाठी विजेने पुन्हा तयार होतं. ईसीजीवर तो वेळ क्यूटी म्हणून मोजतात. ऑन्डॅन्सेट्रॉनने तो थोडा लांबतो. बहुतेक मुलांना त्याचं काहीच होत नाही. पण लेकीला तेव्हा संसर्ग होऊ नये म्हणून लेव्होफ्लॉक्सॅसिन चालू होतं, त्यानेही तो लांबतो. शिवाय उलट्यांनी पोटॅशियम उतरलं होतं. तीन छोट्या गोष्टी एकावर एक चढल्या की ठोका बिघडू शकतो. 2012 मध्ये अमेरिकेच्या नियामकांनी मोठ्या माणसांनासुद्धा शिरेतून एका वेळी 32 मिलिग्रॅमचा डोस देऊ नये असं सांगितलं, ते याच कारणाने. तिचा ईसीजी व्यवस्थित होता. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही भरून काढलं आणि पुन्हा एकदा ईसीजी काढला. घरात कोणाला लहानपणी अचानक बेशुद्ध पडण्याचा त्रास होता का, हेही बाईंनी विचारून घेतलं. हा प्रश्न त्या दवाखान्यातच काय, पहिल्या दिवशीही मला कोणी विचारला नव्हता, आणि तो विचारायला हवा होता असं माझं मत आहे.

मला वाटलं आता सगळं शिकून झालं. मग एका दुपारी ती पुन्हा ओकायला लागली. पोट फुगलेलं, काही नको म्हणत होती. मी फोनवर विचारलं, "ऑन्डॅन्सेट्रॉन वाढवू का?" पलीकडून प्रश्न आला, "शेवटची शी कधी झाली?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत शीचा रकानाच नव्हता. आठवून आठवून पाच दिवस निघाले. व्हिन्क्रिस्टिन आतड्याच्या नसा मंदावतं, ऑन्डॅन्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं, दोन्ही एकाच आठवड्यात चालू. ज्या औषधाने उलटी थांबवू पाहत होते, तेच काही अंशी उलटी करवत होतं. डोस वाढवला असता तर आणखी कोंडलं असतं. तिला तपासायला बोलावलं, पोट अडलेलं नाही याची खात्री केली आणि तोंडाने घ्यायचं शी मऊ करणारं औषध दिलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा काऊंट कमी असताना गुदद्वारातून काहीही द्यायचं नाही, ना सपोझिटरी, ना एनिमा, कारण तिथल्या बारीक जखमेतून रक्तात संसर्ग जाऊ शकतो. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दोन दिवसांनी पोट मोकळं झालं आणि उलट्या आपोआप गेल्या. वहीत नवा रकाना आला.

त्या दिवसापासून उलटी झाली की मी आधी बाटली शोधत नाही. रंग बघते. हिरवी आहे का, रक्त आहे का. पोट टणक आहे का. ताप बघते, कारण काऊंट कमी असताना ताप आला तर लगेच हॉस्पिटल. सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होतेय का, गुंगी वाटतेय का, लघवी किती वेळा झाली. यातलं काही असेल तर फोन आधी, औषध नंतर.

एका गोष्टीवर मात्र कुठल्याच बाटलीचा उपाय चालला नाही. चौथ्या-पाचव्या फेरीनंतर तिला वॉर्डाच्या दारातच उमासे यायला लागले. केमो सुरूही झालेला नसायचा. स्पिरिटच्या बोळ्याचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. आधीच्या वेळचा त्रास शरीराने लक्षात ठेवला होता, आणि या प्रकाराला ऑन्डॅन्सेट्रॉन फारसं दाद देत नाही. डॉक्टरबाईंनी आदल्या रात्री आणि त्या सकाळी लोराझेपाम या मन शांत करणाऱ्या औषधाचा अगदी छोटा डोस दिला, तोही श्वासावर लक्ष ठेवून. आणि सिस्टरांनी आपण होऊन एक बदल केला. बोळा तिच्यापासून लांब उघडायचा, कातडीवर लावून पूर्ण सुकू द्यायचा आणि तोवर तिच्याशी उलटे आकडे म्हणायचे. वीस, एकोणीस, अठरा. कधीकधी सातपर्यंत पोचल्यावर ती स्वतःच म्हणायची, "झालं, टोचा."

आता ती देखभालीच्या टप्प्यात आहे. महिन्यातून एकदा व्हिन्क्रिस्टिन, रोज घरी गोळ्या. उलट्या क्वचितच. मागच्या आठवड्यात नव्या सिस्टर ड्यूटीवर होत्या. त्यांनी औषध भरायला घेतलं तेव्हा लेक कॉटवरून उतरली, चपला काढल्या आणि न सांगता काट्यावर जाऊन उभी राहिली. तेवीस किलो. सिस्टरांनी डोस पुन्हा मोजला, दुसरीला हाक मारून तपासून घेतला, आणि मी वहीत नवा आकडा लिहिला.